ताव चौकोनी, खोरं वाकडं

18 अंश 30 मिनिटं उत्तर हे अक्षवृत्त पुण्याच्या पोटातून जातं. जमिनीवर त्याची खूण कुठेच नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवर मात्र ते कागदाची कड होऊन येतं. कडेच्या उत्तरेला शनिवारवाडा, कसबा, डेक्कन, खडकी आणि थेट पिंपरीपर्यंतचा मुलूख. हे सगळं 47 एफ/14 या क्रमांकाच्या तावावर. दक्षिणेला सहकारनगर, बिबवेवाडी, कात्रज, खडकवासला आणि सिंहगड; ते 47 एफ/15 वर. दोन्ही ताव एकमेकांना भिडतात ते पर्वती आणि सारसबागेच्या परिसरात, म्हणजे ऐन शहरात.

भूगोलाच्या विद्यार्थ्याला हे क्रमांक पाठ असतात, बाकीच्यांसाठी हिशेब थोडक्यात सांगतो. 4 अंश रुंद आणि 4 अंश उंच असा भूभागाचा मोठा तुकडा घ्यायचा, त्याला आकडा द्यायचा. 72 ते 76 अंश पूर्व रेखांश आणि 16 ते 20 अंश उत्तर अक्षांश, हा 47 क्रमांकाचा तुकडा; महाराष्ट्राचा बराचसा पश्चिम भाग त्यात बसतो. त्याचे एकेका अंशाचे सोळा चौकोन करायचे आणि त्यांना इंग्रजी ए पासून पी पर्यंत अक्षरं द्यायची. प्रत्येक चौकोनाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा भाग पाडायचे, वरून खाली मोजत. हा शेवटचा भाग म्हणजे आपण ज्याला टोपोशीट म्हणतो आणि अभ्यासक्रमाच्या पुस्तकात ज्याला भूपत्रक म्हणतात तो एक ताव. पुण्याच्या अक्षांशावर असा ताव सुमारे 26 किलोमीटर रुंद आणि 28 किलोमीटर उंच प्रदेश झाकतो. 1:50,000 प्रमाणावर तो अर्ध्या मीटरपेक्षा थोडा मोठा कागद होतो.

व्यवस्था देखणी आहे आणि तिच्यावर शंका घ्यायचं कारण नाही. अडचण एवढीच की नदीला ती ठाऊक नसते. मुठेचं खोरं पश्चिमेकडून येतं, मुळेचं वायव्येकडून, आंबील ओढ्याचं दक्षिणेकडून. पुणं समजून घ्यायला एक ताव पुरत नाही, निदान चार लागतात. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं, त्या पाण्याचा प्रवास तावांच्या भाषेत सांगायचा तर असा: 47 एफ/11 वरून निघालं, 47 एफ/15 वर खडकवासल्याचं धरण फोडून पुढे आलं आणि राजाराम पुलाकडून म्हात्रे पुलाकडे येताना कड ओलांडून 47 एफ/14 वर पोचलं. शहराच्या तावावर नदी खालच्या कडेतून आयती आल्यासारखी दिसते. तिचं पाणी कुठे गोळा होतं हे बघायचं तर शेजारचे ताव जमिनीवर मांडून चिकटवावे लागतात. जुन्या काळच्या सर्वेक्षण कचेऱ्यांत, पाटबंधारे खात्यात आणि भूगोलाच्या विभागांत हे काम करणारे लोक असायचे. आता संगणक करतो, त्यामुळे कड कुठे होती हेच कुणाला जाणवत नाही.

*

हे ताव येण्याआधी पुण्याच्या भूरचनेचं ज्ञान नव्हतं असं नाही. ते कागदावर नव्हतं, एवढंच. 18व्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं. वाटेत हवा खेळायला आणि नळ साफ करायला उच्छ्वास, आणि शहरात जागोजागी हौद. पंप नाही, दाब नाही, केवळ उतारावर चाललेलं पाणी. उतार जास्त झाला तर नळ फुटेल, कमी झाला तर गाळ साचेल. हे ज्यांनी आखलं त्यांना कात्रज ते शनिवारवाडा या पट्ट्यातला चढ-उतार फुटाफुटाने माहीत असणार. याच काळात आंबील ओढ्याचा प्रवाहही बदलला. पूर्वी तो पेठांमधून वाहत जाऊन मुठेला मिळायचा. पर्वतीच्या पायथ्याशी त्याला अडवून तळं केलं (आजच्या सारसबागेतला तळ्यातला गणपती त्याच तळ्याचा) आणि ओढा पश्चिमेला वळवून मुठेत सोडला. जुनं पात्र मोकळं झालं आणि शहर त्यावर पसरलं. म्हणजे पुण्याचा पहिला मोठा प्रवाहबदल इंग्रजी मोजणीच्या आधीच होऊन गेला होता. सर्वेक्षकांनी जो आंबील ओढा कागदावर उतरवला तो माणसाने वळवलेला ओढा होता, आणि नकाशावर त्याची अशी नोंद नसते. निळी किंवा काळी रेषा स्वतःचा इतिहास सांगत नाही.

इंग्रजांना आधी हवे होते ते रस्ते. फौज कुठून जाईल, नदीला उतार कुठे आहे, घाटात तोफ चढेल का. 18व्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्याचा सर्व्हेयर जनरल असलेल्या चार्ल्स रेनॉल्ड्सने पश्चिम भारताचा मोठा नकाशा जुळवला तो बहुतांशी अशा मार्ग-मोजणीतूनच. चाकाने अंतर मोजायचं, होकायंत्राने दिशा घ्यायची, गाव आलं की नाव लिहायचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जेवढं दिसतं तेवढंच खरं, पलीकडचं ऐकीव. रेनॉल्ड्सचा नकाशा ईस्ट इंडिया कंपनीने छापला नाही. तो गुपित होता. पण लंडनच्या ॲरोस्मिथने 1804 साली हिंदुस्थानचा नकाशा काढला त्यात त्याची माहिती वापरली गेली. मार्ग-मोजणीचा दोष असा की चूक साठत जाते. चाक खड्ड्यातून गेलं, ओढा ओलांडताना वळसा पडला, की अंतर वाढतं. शंभर मैलांनंतर गाव भलतीकडेच जाऊन बसतं.

त्यावर उपाय म्हणजे त्रिकोण. जमिनीवर एकच रेषा जिवापाड अचूक मोजायची, आणि पुढे फक्त कोन मोजायचे. एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. त्या बाजूवर पुढचा त्रिकोण. विल्यम लॅम्बटनने 10 एप्रिल 1802 ला मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी ही पहिली रेषा मोजायला घेतली. कोन मोजायचं त्याचं मोठं थिओडोलाइट अर्धा टन वजनाचं होतं. 1808 साली तंजावरात ते देवळाच्या शिखरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटलं. लॅम्बटनने ते हाताने दुरुस्त करून पुन्हा कामाला लावलं. वीस वर्षं तो त्रिकोण ओढत उत्तरेकडे सरकत राहिला आणि 20 जानेवारी 1823 ला हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच, वर्धा जिल्ह्यात आहे. ज्या माणसाच्या गणितावर सगळ्या भारताचे नकाशे उभे राहिले त्याची कबर आपल्या राज्यात आहे हे आपल्या शाळांत सांगितलं जात नाही, याचं मला नवल वाटतं.

लॅम्बटननंतर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात मधल्या या मुख्य माळेपासून मुंबईच्या दिशेने पश्चिमेला त्रिकोणांची फांदी निघाली. मोठे त्रिकोण कित्येक मैल बाजूंचे. त्यांच्या आत दुय्यम त्रिकोण. त्यांच्या आत आणखी लहान. महाराष्ट्रात या कामाला सह्याद्री फार सोयीचा. किल्ल्यांचे माथे, सुटे डोंगर, टेकड्यांवरची देवळं, सगळे एकमेकांना दिसतात. पावसाळ्यानंतरची स्वच्छ हवा असेल तर दुर्बिणीतून लांबचा झेंडाही टिपता येतो. हवा धुरकट असेल तर आरशावर सूर्य धरून चकाकी पाठवायची, रात्री दिवा लावायचा. शिखरावर चौथरा बांधून मधोमध दगडात खूण कोरायची. टोपोशीटवर लहान त्रिकोण आणि शेजारी उंचीचा आकडा दिसतो तो याच वंशातला.

*

त्रिकोणांनी मिळतात फक्त बिंदू. बिंदूंच्या मधली जमीन, म्हणजे नदीचं वळण, पांदी, विहिरी, वस्त्या, हे भरायचं काम प्लेन टेबलचं. तिपाईवर ठेवलेली सपाट लाकडी फळी, तिच्यावर ताणून बसवलेला कागद, आणि दोन टोकांना उभ्या फटी असलेली एक पट्टी. कागदावर त्रिकोणांचे बिंदू आधीच टोचलेले असतात. सर्वेक्षक एखाद्या टेकाडावर फळी मांडतो. पट्टी कागदावरच्या बिंदूला लावतो आणि फटीतून खऱ्या शिखराकडे रोखतो, मागे रेषा ओढतो. अशा तीन शिखरांवरून तीन रेषा मागे आल्या की त्या जिथे मिळतात ती आपली जागा. प्रत्यक्षात त्या एका बिंदूत मिळत नाहीत, मधे इवलासा त्रिकोण उरतो. फळी थोडी फिरवून तो त्रिकोण मिटवणं ही कारागिरी होती, आणि चांगला माणूस ती काही मिनिटांत करत असे. मग क्लिनोमीटरने समोरच्या कड्याचा कोन घ्यायचा, त्याचा टॅन्जंट कागदावरून काढलेल्या अंतराने गुणायचा, उंची मिळाली.

आणि मग समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा. इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. जुन्या एक इंची (1 इंचाला 1 मैल) तावांवरच्या तपकिरी रेषा पावलापावलावर मोजून काढलेल्या नव्हत्या. ठिकठिकाणच्या उंच्या मोजलेल्या, आणि त्यांच्यामधली रेषा डोंगराकडे बघत हाताने ओढलेली. सोंड कुठे फुगते, घळ कुठे आत शिरते हे डोळ्यांनी टिपायचं. त्यामुळे सह्याद्रीच्या जुन्या तावांवर एका सर्वेक्षकाचा डोंगर दुसऱ्याच्या डोंगरापेक्षा जरा वेगळा वळलेला दिसतो. पुढे विमानातून घेतलेली छायाचित्रं जोडीने बघून रेषा काढायला लागल्यावर हा हाताचा वळसा गेला. अचूकता वाढली हे मान्य. पण जुन्या तावांत जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाची जी नजर आहे ती मला जास्त आवडते.

या माणसांसोबत झेंडे रोवणारे, फळी वाहणारे, झाडं तोडून दृष्टीची वाट मोकळी करणारे खलाशी असायचे. गावांची नावं विचारायला पाटील-कुलकर्णी. नकाशाच्या कोपऱ्यात यांतलं कुणी नाही.

आता ऋतू. मोजणीचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू व्हायचा आणि उन्हाळ्यात संपायचा. पावसाळ्यात सगळे छावणीत परतून शाईने ताव पक्के करायचे. घाटमाथ्यावर श्रावणात फळी मांडून उभं राहणं शक्यच नव्हतं, त्यामुळे यात कुणाचा दोष नाही. पण परिणाम असा झाला की दख्खनचे ओढे ज्यांनी कागदावर उतरवले त्यांनी ते बहुतेक कोरडे पाहिले. भारतीय टोपोशीटची रीतही त्याला धरूनच आहे. बारमाही पाणी निळं. ज्या पात्रात कोरड्या दिवसांत पाणी नसतं ते काळ्या रेषेने. आपल्याकडचा कुठलाही ताव उघडा, सह्याद्रीपासून पूर्वेकडे काळ्या रेषांचं जाळं पसरलेलं दिसेल. नवख्याला त्या पायवाटा वाटतात. त्या ओढे आहेत, आणि जुलैत त्या प्रत्येकातून पाणी वाहतं.

नदीकाठी, बांधावर, विहिरीशी एखादा लहान आकडा आणि त्यापुढे इंग्रजी आर हे अक्षर दिसतं. समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे, शेजारच्या जमिनीच्या तुलनेतली. नदीच्या दरडीला 6 लिहिलं असेल तर तिथे काठ पात्रापासून सहा मीटर उभा आहे. जुन्या एक इंची तावावर हाच आकडा फुटांत. पूर कुठे काठ ओलांडेल याची अख्ख्या तावावरची सगळ्यात कामाची नोंद बहुधा हीच, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लोक बघतात.

*

नकाशांची पिढी कशी बदलत गेली ते भराभर सांगून टाकतो. 1827 पासून निघालेल्या इंडियन ॲटलसचं प्रमाण 1 इंचाला 4 मैल, ताम्रपटावर कोरलेलं, डोंगर बारीक आडव्या-तिरप्या रेघांनी दाखवलेले. डोंगर उठून दिसतो, पण किती उंच ते कळत नाही. नंतर 1 इंचाला 1 मैल असे ताव, म्हणजे 1:63,360. 1904-05 च्या समितीनंतर ते रंगीत झाले आणि समोच्च रेषा रूढ झाल्या, त्या बहुधा 50 फुटांच्या अंतराने. 1956 नंतर मेट्रिक पद्धत आली तसे ताव हळूहळू 1:50,000 वर गेले आणि समोच्च रेषांतलं अंतर 20 मीटर झालं. 50 फूट म्हणजे सव्वापंधरा मीटर. म्हणजे नव्या तावावर उंचीचा टप्पा थोडा भरडच झाला.

शहराच्या दृष्टीने या 20 मीटरचा अर्थ फार मोठा आहे. दोन लागोपाठच्या रेषांच्या मधे एखाद्या ओढ्याची सबंध दरी मावू शकते. पुण्याच्या पेठांचा भाग साधारण सपाट. तिथे एक रेषा जाते, दुसरी येते तोवर अख्खी पेठ होऊन जाते. शिवाय 1:50,000 वर पाव मिलिमीटर जाडीची रेषा म्हणजे जमिनीवर साडेबारा मीटर. त्याहून अरुंद ओढा आणि रुंद ओढा एकच दिसणार. रस्ता ठळक काढायचा तर शेजारच्या गोष्टी थोड्या बाजूला सरकवाव्या लागतात. आणि दाट वस्ती आली की तिथे लाल रंग भरला जातो. नागझरी कसब्याच्या पूर्वेने वाहते, पण लाल ठोकळ्यात शिरली की तिचं काय होतं हे टोपोशीट सांगू शकत नाही. हा नकाशाचा दोष म्हणता येणार नाही; तो फौजेसाठी, रस्त्यांसाठी, मोठ्या प्रदेशासाठी काढलेला आहे. घरापाशी पाणी येईल का, हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

तो प्रश्न, थोड्या वेगळ्या रूपात, दुसऱ्या एका खात्याने विचारला होता, आणि त्याचं कारण होतं सारा. पेशवाई गेल्यावर जमिनीवर कर किती बसवायचा हे ठरवायला रॉबर्ट प्रिंगलने 1827 ते 1830 या काळात पुणे जिल्ह्यात मोजणी केली. तिची आकारणी इतकी चढी आणि गुंतागुंतीची झाली की शेतकरी जमिनी सोडून गेले. मग 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली आणि त्या अनुभवातून 1847 चा संयुक्त अहवाल निघाला. महाराष्ट्रातली जमीन महसुलाची बरीचशी बैठक, सर्व्हे नंबर, बांधाचे दगड, आकार, यावर उभी आहे. (त्या पहिल्या मोजणीतल्या इंदापूरच्या भीमाकाठच्या काही शिवारांवर आता उजनी धरणाचं पाणी आहे. जुन्या तावावर तिथे नदीची नागमोडी रेषा दिसते आणि काठावर गावांची नावं.)

ही मोजणी शंकू-साखळीची. 33 फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. टिपणात शेताची आकृती आणि मापं, गुणाकार बुकात क्षेत्राचा हिशेब, नंतर वाटण्या झाल्या की फाळणी. त्यावरून गाव नकाशा, बहुधा 8 इंचाला 1 मैल. म्हणजे एक इंची तावाच्या लांबी-रुंदीत आठपट मोठा. यात समोच्च रेषा नाहीत, टेकडीची उंची नाही. पण ओढा आहे, आणि तो एका रेषेने नाही, दोन काठांनी. कारण साधं: ओढ्याखालच्या जमिनीवर सारा घेता येत नाही. ती पोटखराब म्हणून क्षेत्रातून वजा करावी लागते. किती गुंठे वजा करायचे हे ठरवायला ओढ्याची रुंदी मोजावीच लागली. शेतकरी बांधावर उभा, सरकारी माणूस समोर, आणि दोघांचंही हित त्या मापात. फौजेच्या सर्वेक्षकाने ज्या ओढ्याकडे काळी रेघ म्हणून पाहिलं, तोच ओढा महसुलाच्या मोजणीदाराने आण्या-आण्याने मोजला.

हे गाव नकाशे छापायला पुण्यातच सोय झाली. मूळ रेखाटनाचं छायाचित्र घेऊन ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचं आणि त्यावरून छापायचं, या पद्धतीला फोटोझिंकोग्राफी म्हणतात. ताम्रपट कोरायला महिने लागत. इथे प्रत लवकर मिळे, आणि लहान-मोठीही करता येई. पुण्याच्या शासकीय फोटोझिंको मुद्रणालयाच्या नावात ते तंत्र अजून आहे.

*

आता दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवून आंबील ओढा बघू. 47 एफ/15 वर कात्रजच्या डोंगरात तपकिरी रेषा एकमेकींना चिकटलेल्या. म्हणजे उतार तीव्र. तिथून खाली उतरणारे अनेक फाटे बोटांसारखे एकत्र येतात. कात्रजच्या तलावांच्या पुढे रेषा विरळ होतात. उतार एकदम मंदावतो. डोंगरातून वेगाने आलेलं पाणी इथे रेंगाळणार आणि पसरणार. पुढे बिबवेवाडी, सहकारनगर, अरण्येश्वर, मग पर्वती, दांडेकर पूल आणि मुठा. जुन्या आवृत्तीत या टप्प्यात शेतीचा पिवळा रंग, मधे एखादं गावठाण. नव्या आवृत्तीत लाल. गाव नकाशात त्याच जागी ओढ्याचे दोन काठ आणि मधली पोटखराब.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या बाजूला अतोनात पाऊस झाला आणि आंबील ओढ्याने अरण्येश्वरपासून दांडेकर पुलापर्यंतच्या वस्त्या धुऊन काढल्या. पुणे आणि आसपास वीसहून अधिक माणसं गेली. नदीसाठी जलसंपदा खातं पूररेषा आखतं: 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. पुण्यातली चर्चा बहुतेक वेळा मुळा-मुठेच्या या रेषांभोवती फिरते, कारण त्या धरणांच्या पाण्याशी बांधलेल्या आहेत आणि धरणातून किती पाणी सोडलं ते आधी कळतं. ओढ्यावर धरण नाही आणि भोंगा नाही. डोंगरातला पाऊस थेट वस्तीत येतो. माझ्या मते पुण्यासारख्या गावात पुराचा अभ्यास नदीपासून सुरू करणं हेच उलटं आहे. तो काळ्या रेषांपासून करायला हवा, आणि त्या मोजायला पन्नास हजारी ताव नव्हे तर महसुली नकाशा घ्यायला हवा. तो या कामासाठी काढलेला नाही, तरी उपलब्ध कागदांत ओढ्याचं माप त्याच्याइतकं दुसऱ्या कशात नाही.

दोन्ही कागद संगणकावर एकावर एक चढवायला गेलात तर एक गोष्ट लगेच त्रास देईल. जुने ताव एव्हरेस्टने 1830 साली ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत. उपग्रहांची मापं डब्ल्यूजीएस 84 या आकारावर. तावाच्या कोपऱ्यावरचे अक्षांश-रेखांश तसेच्या तसे टाकले की सगळा नकाशा सरकतो आणि मुठा काठावरच्या इमारतींतून वाहताना दिसते. गाव नकाशाला तर अक्षांश-रेखांशच नसतात. तो जुने बांध, देऊळ, विहीर, रस्त्याचा फाटा असे टिकून राहिलेले बिंदू शोधून बसवावा लागतो. शहरात असे बिंदू फार उरलेले नाहीत. देवळं उपयोगी पडतात, कारण ती सहसा हलत नाहीत. पूल आणि विहिरी फसवतात. उंचीचं म्हणाल तर त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या काळातले उंचीचे दगड काही ठिकाणी अजून आहेत. पुण्यात जनरल पोस्ट ऑफिससमोरचा झिरो स्टोन त्याच परंपरेशी नातं सांगतो.

नकाशा मिळवणं पूर्वी अवघड होतं. सीमेजवळच्या आणि किनाऱ्याजवळच्या तावांवर बंदी, बाकीच्यांसाठी अर्ज. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करी आणि नागरी अशा दोन मालिका वेगळ्या केल्या. नागरी मालिकेत 47 एफ/14 चा क्रमांक ई 43 एच 14 असा झाला. 2017 पासून हे ताव विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात आणि 2021 मध्ये नकाशांवरचे बरेच निर्बंध उठले. जुन्या आवृत्त्यांसाठी मात्र ग्रंथालयं, विद्यापीठांचे भूगोल विभाग, नाहीतर रद्दीवाले. अमेरिकन लष्कराने 1950 च्या सुमारास 1:250,000 वर छापलेली यू 502 ही मालिका इंटरनेटवर खुली आहे. ती आपल्याच सर्वेक्षण विभागाच्या तावांवरून केलेली. शहराच्या कामाला तिचं प्रमाण लहान पडतं, पण सबंध भीमेचं खोरं एका नजरेत बघायला ती चांगली.

ताव हातात आला की आधी समासातला मजकूर वाचावा. मोजणी कुठल्या वर्षांतली आणि छपाई कुठल्या वर्षातली हे दोन्ही तिथे लिहिलेलं असतं, आणि दोन्हींत दहा-दहा वर्षांचं अंतर सर्रास सापडतं. छपाईचं वर्ष धरून चालणारा माणूस नेहमी फसतो. त्यानंतर शेजारचे क्रमांक दाखवणारी छोटी आकृती बघावी आणि नदी ज्या कडेने आत येते त्या कडेपलीकडचा ताव मागवावा. गाव नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. तिथे गावाचं आजचं नाही, मोजणीच्या वेळचं नाव आणि जुना सर्व्हे नंबर सांगावा लागतो. शहराच्या हद्दीत येऊन मोहल्ले झालेल्या गावांचे कागदही त्याच जुन्या नावाखाली असतात. पुण्याच्या दक्षिणेसाठी कात्रज, धनकवडी, बिबवेवाडी आणि पर्वती ही चार गावं मागितली की आंबील ओढ्याचा बराचसा काठ हातात येतो.